बारा चालक आणि एकसारख्या गाड्या

मोटार शर्यतीत जिंकणाऱ्याचे श्रेय चालकाला किती आणि गाडीला किती द्यावे, हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. धावपटूचे पाय त्याचे स्वतःचे असतात, परंतु शर्यतीच्या चालकाला दुसऱ्यांनी आखलेले, बांधलेले आणि सांभाळलेले यंत्र चालवावे लागते, त्यामुळे निकालाच्या तक्त्यावर चालकाचे नाव दिसत असले तरी त्या नावामागे इंजिन, टायर, अभियंते आणि संघमालकाचा पैसा या सर्वांचा वाटा मिसळलेला असतो. वेगवेगळ्या प्रकारांतील चालकांची तुलना करायची म्हटली तर अडचण आणखी वाढते. फॉर्म्युला वनचा चालक उघड्या चाकांची हलकी, एकआसनी गाडी डाव्या-उजव्या वळणांच्या मार्गावर चालवतो. अमेरिकेतील नॅस्कार या संस्थेच्या शर्यतींत बाजारातल्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या, परंतु आतून पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेल्या जड ‘स्टॉक कार’ बहुतेक वेळा अंडाकृती मार्गावर, म्हणजे फक्त डावीकडे वळत धावतात. इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीची परंपरा १९७०च्या दशकात युसॅक या संस्थेच्या देखरेखीखाली होती, आणि तिच्यातील गाड्या उघड्या चाकांच्या असल्या तरी मार्ग मुख्यतः अंडाकृतीच होते. या सर्वांना एका रांगेत उभे करून श्रेष्ठ कोण हे ठरवण्याचा जो सर्वांत पद्धतशीर प्रयत्न झाला, त्याचे नाव ‘इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स’, संक्षेपाने आयरॉक, आणि त्याचा पहिला हंगाम १९७३-७४ सालचा.

यापूर्वीचा एक प्रयत्न उद्बोधक आहे. १९५७ आणि १९५८ साली इटलीतील मोंझा येथे ‘दोन जगांची शर्यत’ या नावाने इंडियानापोलिसचे अमेरिकन चालक आणि युरोपीय चालक यांचा सामना भरवण्यात आला होता. तथापि त्यात प्रत्येकाने आपापल्या पद्धतीची गाडी आणायची होती आणि शर्यत उतार दिलेल्या, म्हणजे बाहेरच्या कडेला उंच केलेल्या, अतिवेगवान वळणांच्या मार्गावर व्हायची होती. पहिल्या वर्षी बहुतेक युरोपीय संघांनी पाठ फिरवली, जिमी ब्रायन जिंकला, दुसऱ्या वर्षी जिम रॅथमन जिंकला, आणि दोन्ही विजेते अमेरिकन निघाले, यात आश्चर्य करण्याजोगे काही नव्हते, कारण तो मार्ग त्यांच्याच गाड्यांच्या सोयीचा होता. यंत्रे वेगळी ठेवून माणसांची तुलना होत नाही, एवढा धडा त्या प्रयोगाने दिला.

आयरॉकची कल्पना मांडणाऱ्यांनी हा धडा घेऊन गाडीच सर्वांना एक दिली. या मंडळींत लेस रिक्टर, रॉजर पेन्स्के आणि माइक फेल्प्स ही तीन नावे प्रमुख होत. रिक्टर हा लॉस एंजेलिस रॅम्स या संघातील एकेकाळचा नावाजलेला अमेरिकन फुटबॉलपटू, खेळातून निवृत्त झाल्यावर कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील शर्यतमार्गाचा कारभार पाहू लागलेला. पेन्स्के हा स्वतः चांगला चालक असताना तरुण वयातच चाक सोडून संघमालक आणि व्यावसायिक बनलेला. शर्यतींचे चित्रण करून एबीसी या वाहिनीच्या क्रीडा कार्यक्रमातून ते दाखवायचे ठरले, आणि मालिकेच्या रचनेवर दूरचित्रवाणीचा प्रभाव पहिल्यापासून होता. शर्यती आटोपशीर अंतराच्या ठेवल्या गेल्या, आणि गाड्या हुबेहूब सारख्या असल्याने पडद्यावर ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला वेगळा, भडक रंग देण्यात आला.

निमंत्रितांची यादी पाहिली की त्या काळातील शर्यतविश्वाचा नकाशाच उलगडतो. नॅस्कारमधून तिघे होते: तोपर्यंत चार वेळा विजेतेपद मिळवलेला रिचर्ड पेटी, तीन वेळा ते मिळवलेला आणि १९७३ साली मोजक्या अठरा शर्यतींत भाग घेऊन त्यांतील अकरा जिंकणारा डेव्हिड पिअर्सन, आणि बॉबी अॅलिसन. युसॅकमधून चौघे आले होते. त्यांत इंडियानापोलिस तीनदा जिंकलेला ए. जे. फॉइट होता, १९६८चा इंडियानापोलिस विजेता बॉबी अन्सर होता, १९७३ साली पावसाने अर्धवट राहिलेली इंडियानापोलिसची शर्यत जिंकलेला गॉर्डन जॉनकॉक होता आणि १९७३चा युसॅक विजेता रॉजर मॅक्लस्की होता. उरलेले पाच जण फॉर्म्युला वन आणि स्पोर्ट्स कार, म्हणजे झाकलेल्या चाकांच्या शर्यतीच्या गाड्या, या दोन जगांत वावरणारे होते. १९६७चा जगज्जेता न्यूझीलंडचा डेनी हल्म, १९७२चा जगज्जेता ब्राझीलचा इमर्सन फिटिपाल्डी, १९७३ साली ब्रिटन आणि कॅनडा येथील ग्रां प्री जिंकलेला अमेरिकन पीटर रेव्हसन, कॅन-अॅम या मुक्त नियमांच्या स्पोर्ट्स कार मालिकेचा १९७२चा विजेता जॉर्ज फॉल्मर, आणि त्याच मालिकेचा १९७३चा विजेता मार्क डोनह्यू. एका छताखाली असे बारा जण जमणे त्यापूर्वी दुर्मीळच होते.

गाडीची निवड हा या हंगामाचा सर्वांत वादग्रस्त आणि अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत रंजक भाग आहे. पेन्स्केने जर्मनीच्या पोर्श कंपनीकडून ‘९११ कॅरेरा आरएसआर’ या जातीच्या पंधरा गाड्या घेतल्या. याच जातीच्या गाडीने १९७३च्या फेब्रुवारीत डेटोनाची चोवीस तासांची शर्यत आणि पुढे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी रस्त्यांवरची शर्यत जिंकलेली होती, त्यामुळे तिच्या टिकाऊपणाविषयी शंका नव्हती. तीन लिटरचे, हवेने थंड होणारे, सहा सिलिंडरचे तिचे इंजिन सुमारे ३१५ अश्वशक्ती देत असे. हा आकडा त्या बारा जणांना मोठा वाटण्याजोगा नव्हता, कारण त्यांपैकी बहुतेकांच्या नेहमीच्या गाड्या याहून कितीतरी शक्तिमान होत्या आणि डोनह्यूची कॅन-अॅममधील पोर्श ९१७/३० तर अकराशेहून अधिक अश्वशक्तीची होती.

खरी अडचण इंजिनाच्या ताकदीत नव्हती, ते ठेवलेल्या जागेत होती. ९११चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते, म्हणजे गाडीच्या वजनाचा मोठा भाग अगदी शेपटाकडे असतो. अशी गाडी वळणात असताना चालकाने घाबरून प्रवेगकावरचा पाय एकदम उचलला की वजन पुढे झुकते, मागच्या टायरांवरचा दाब कमी होऊन त्यांची पकड सुटते, आणि जड शेपूट लंबकासारखे बाहेर झोकले जाते. मागची बाजू अशी बाहेर सरकण्याला ‘ओव्हरस्टिअर’ म्हणतात. या गाडीची रीत अशी की वेग वळणाच्या आधीच, सरळ रेषेत असताना कमी करावा, नाक आत वळवावे आणि मग लवकरात लवकर प्रवेगक दाबून वजन पुन्हा मागच्या चाकांवर आणावे. असे केले तर तेच मागचे वजन पकड वाढवून गाडीला वळणातून जोरात बाहेर काढते. पुढे अवजड व्ही-८ इंजिन असलेली, दीड टनाहूनही जड स्टॉक कार चालवण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्यांच्या हातापायांत मुरलेल्या सवयी येथे उपयोगाच्या नव्हत्या, किंबहुना काही सवयी घातकच होत्या. मातीच्या आखाड्यात वाढलेल्या मल्लाला एकाएकी मॅटवर उतरवावे, तसाच हा प्रकार होता: ताकद तीच, डाव तेच, पण पायाखालची पकड अनोळखी.

समानता राखण्यासाठी आयोजकांनी केलेली व्यवस्था मात्र कसून विचार केलेली होती. सर्व गाड्या एकाच कार्यशाळेत, एकाच पथकाने तयार केल्या, त्यांना सारखेच टायर दिले, आणि कोणती गाडी कोणाच्या वाट्याला यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. चालकाला स्वतःचे यांत्रिक पथक आणण्याची मुभा नव्हती आणि गाडीच्या ‘सेट-अप’मध्ये, म्हणजे स्प्रिंगांचा कडकपणा, चाकांचे कोन, मागच्या पंखाचा उतार अशा बारीक जुळवणीत, फेरफार करण्याचीही नव्हती. हा निर्बंध दिसतो त्याहून खोल आहे. शर्यतीच्या चालकाचे कौशल्य दोन थरांचे असते. गाडी आहे तशी वेगात नेणे हा एक थर, आणि तिच्यात काय बिघडले आहे हे अंगाने ओळखून, ते अभियंत्याला नेमक्या शब्दांत सांगून ती सुधारून घेणे हा दुसरा. आयरॉकने पहिला थर तेवढा मोजायला घेतला आणि दुसरा बाद केला. यातील विसंगती अशी की दुसऱ्या थरातला त्या पिढीचा सर्वांत मोठा जाणकार या बारा जणांत होता. मार्क डोनह्यू हा ब्राउन विद्यापीठाचा यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर होता, आणि गाडीची चाचणी घेऊन तिची पद्धतशीर जुळवणी करण्याची पेन्स्के संघाची जी ख्याती होती, तिचे मुख्य श्रेय त्यालाच दिले जाते. ज्या हत्यारावर त्याची सर्वाधिक हुकमत होती ते नियमांनी काढून घेतलेले असताना तो काय करतो, हे पाहण्यासारखे होते.

याबरोबरच एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. डोनह्यू हा पेन्स्केचा चालक होता, पेन्स्के हा मालिकेच्या जनकांपैकी एक होता, आणि १९७३चा कॅन-अॅम हंगाम डोनह्यूने पोर्शच्याच गाडीत घालवला होता. त्यात लबाडी झाली असे म्हणण्यास कोणताही आधार नाही, परंतु निःपक्षपातीपणाची एवढी ग्वाही देणाऱ्या स्पर्धेत आयोजकाचा घरचा चालक उतरणे हे आजच्या निकषांवर खटकल्यावाचून राहत नाही.

पहिल्या तीन शर्यती १९७३च्या ऑक्टोबरअखेर दोन दिवसांत रिव्हरसाइड येथे झाल्या. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील कोरड्या, धुळीच्या मुलखात १९५७ साली सुरू झालेला हा मार्ग चढउतारांचा, लागोपाठच्या नागमोडी वळणांचा आणि लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी येणाऱ्या कुप्रसिद्ध नवव्या वळणाचा होता. अमेरिकेत ‘रोड कोर्स’ म्हणतात तो हा प्रकार, म्हणजे साध्या रस्त्याप्रमाणे दोन्ही बाजूंना वळणारा मार्ग. तो नॅस्कारच्या चालकांना सर्वस्वी परका होता असे म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात रिव्हरसाइडच्या शर्यती होत्याच. उलट त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथील नॅस्कारची शर्यत पेन्स्के संघाच्या मॅटाडोर गाडीतून डोनह्यूने जिंकली होती. म्हणजे दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन जिंकण्याचा सराव त्याला आयरॉकपूर्वीच होता, ही गोष्ट त्याच्या यशाचे मोजमाप करताना विसरली जाते.

तीनपैकी पहिली आणि तिसरी शर्यत डोनह्यूने जिंकली, दुसरी फॉल्मरने. या दोघांमध्ये एक जुना धागा होता. १९७२ साली रोड अटलांटा येथे चाचणी घेताना डोनह्यू जबर जखमी झाला, तेव्हा त्याच्या जागी पेन्स्केने फॉल्मरला पोर्शमध्ये बसवले आणि फॉल्मरने त्या वर्षीची कॅन-अॅम मालिकाच खिशात घातली; डोनह्यूला दवाखान्यातून हे पाहावे लागले होते. रिव्हरसाइडला हे दोघे पुन्हा पोर्शमध्येच, परंतु या वेळी अगदी सारख्या गाड्यांत, एकमेकांसमोर आले.

तीन शर्यतींच्या गुणांवरून सहा जण अंतिम फेरीसाठी निवडले गेले: डोनह्यू, फॉल्मर, रेव्हसन, फॉइट, बॉबी अन्सर आणि पिअर्सन. या यादीचे वाचन सहसा असे केले जाते की रोड कोर्सवर रोड कोर्सचेच चालक सरस ठरले. ते निम्मेच खरे आहे. पहिले तिघे त्या पठडीतले होते हे खरे, पण अंतिम सहांत अंडाकृती मार्गांवर घडलेले तीन चालकही होते, आणि उलट दोन्ही जगज्जेते, हल्म आणि फिटिपाल्डी, बाहेर राहिले होते. हल्म तर दोनदा कॅन-अॅमचाही विजेता झालेला होता. फॉइट टिकला याचे स्पष्टीकरण त्याच्या पूर्वायुष्यात सापडते. मातीच्या छोट्या मार्गांपासून त्याने सुरुवात केली, इंडियानापोलिस जिंकले, १९६७ साली डॅन गर्नीच्या जोडीने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि १९७२ साली नॅस्कारची डेटोना ५००ही जिंकली. बॉबी अन्सरच्या कुटुंबाची पाइक्स पीक या डोंगरावरील खडीच्या चढाच्या शर्यतीत पिढ्यांची हुकूमत होती, आणि सैल जमिनीवर मागची चाके घसरवत गाडी हाकणे त्याला लहानपणापासून अवगत होते. शेपूट झोकणाऱ्या पोर्शशी त्याची गट्टी जमली असेल तर नवल नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या सहा नावांत कोणता प्रकार श्रेष्ठ याचे उत्तर नाही. अनोळखी यंत्राशी लवकर जुळवून घेण्याची सवय कोणाला आधीपासून होती, याचे उत्तर आहे. शिवाय तीन छोट्या शर्यती म्हणजे पुरावा तसा तोकडाच. एखादी गिरकी, एखादा यांत्रिक बिघाड गुणतक्ता उलटवायला पुरेसा असतो.

अंतिम शर्यत फेब्रुवारी १९७४ मध्ये फ्लोरिडातील डेटोना येथे, डेटोना ५००च्या आठवड्यात झाली. मधल्या काळात परिस्थिती पालटली होती. ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल उत्पादक अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला होता, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि पेट्रोल जाळून केल्या जाणाऱ्या करमणुकीकडे लोक रागाने पाहू लागले होते. डेटोनाची त्या वर्षीची चोवीस तासांची शर्यत रद्द झाली आणि डेटोना ५००चे अंतर दहा टक्क्यांनी घटवून साडेचारशे मैल करण्यात आले. आयरॉकचा समारोप मात्र ठरल्याप्रमाणे पार पडला. त्यासाठी डेटोनाचा पूर्ण अंडाकृती मार्ग न वापरता, त्याच्या एकतीस अंश उताराच्या वळणांना आतल्या मैदानातील वाकड्यातिकड्या रस्त्याची जोड देऊन बनवलेला रोड कोर्स वापरला गेला. डोनह्यू जिंकला, रेव्हसन दुसरा आला, आणि मालिकेचे पहिले विजेतेपद डोनह्यूकडे गेले. अंतिम सहांत स्थान न मिळालेल्या रिचर्ड पेटीने त्याच आठवड्यात, त्याच आवारात, आपल्या सवयीच्या गाडीतून डेटोना ५०० जिंकली. आयरॉकच्या पहिल्या हंगामावर याहून नेमके भाष्य कोणी केलेले नाही.

पुढची कथा दुःखद आहे. अंतिम शर्यतीनंतर काही आठवड्यांतच, २२ मार्च १९७४ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे चाचणी घेत असताना शॅडो गाडीच्या पुढच्या चाकाच्या आधाराचा टायटॅनियमचा भाग तुटून रेव्हसन मरण पावला. डोनह्यूने या विजयासह निवृत्ती घेतली होती, परंतु त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पेन्स्केच्या नव्या फॉर्म्युला वन संघासाठी तो परतला. ऑगस्ट १९७५ मध्ये अॅलाबामातील टॅलाडेगा येथे ९१७/३० गाडीतून त्याने बंदिस्त मार्गावरील ताशी २२१ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ३५६ किलोमीटर वेगाचा विक्रम केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावात टायर फुटून झालेल्या अपघातानंतर १९ ऑगस्ट रोजी त्याचे निधन झाले.

पोर्श गाड्या एका हंगामापुरत्याच टिकल्या. दुसऱ्या हंगामापासून त्यांची जागा अमेरिकेच्या शेवरोले कमॅरोने घेतली. ही गाडी दणकट होती, दुरुस्तीला स्वस्त होती आणि प्रेक्षकांच्या परिचयाची होती. पुढे १९८०च्या दशकात कंपनीने ‘आयरॉक-झेड’ या नावाने कमॅरोची एक आवृत्ती बाजारातही आणली, आणि शर्यती न पाहणाऱ्यांनाही मालिकेचे नाव तिच्यामुळे ठाऊक झाले. विकल्या गेलेल्या पोर्शपैकी एक कोलंबियातील अमली पदार्थांचा कुप्रसिद्ध व्यापारी पाब्लो एस्कोबार याच्या हाती पडली; संग्राहकांच्या बाजारात तिचे मोल आता त्या कारणानेही चढलेले आहे.

गाडीबरोबर मार्गही बदलत गेले आणि त्यांबरोबर विजेतेही. पहिल्या सहा हंगामांत एकदाही नॅस्कारच्या चालकाला विजेतेपद मिळाले नाही. डोनह्यूनंतर बॉबी अन्सर, सलग दोनदा फॉइट, मग अल अन्सर आणि मारिओ अँड्रेटी असे ते फिरले, आणि सातव्या हंगामात, १९८० साली, बॉबी अॅलिसनने ते प्रथम नॅस्कारकडे नेले. त्यानंतर तीन वर्षे मालिका बंद राहून १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाली, रोड कोर्सच्या शर्यती हळूहळू कमी होत गेल्या आणि १९९०च्या दशकात कार्यक्रम जवळजवळ सर्वस्वी डेटोना, टॅलाडेगा, मिशिगन अशा वेगवान अंडाकृती मार्गांवर आला. अशा मार्गांवर दोन गाड्या एकामागे एक चिकटून धावल्या तर पुढची हवा कापते, मागची तिच्या आडोशात राहते आणि दोघी मिळून एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात. याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात, आणि कोणाच्या मागे कधी लागायचे व कोणाला कधी सोडायचे याचे शहाणपण नॅस्कारचे चालक वर्षभर शिकत असतात. इंडियानापोलिसचा किंवा स्पोर्ट्स कारचा पाहुणा येथे तसाच परका होता जसा पेटी पोर्शमध्ये होता. फरक एवढाच की पहिल्या हंगामाचा कल उघड होता आणि त्यावर वाद झाला, तर नंतरचा कल अमेरिकन प्रेक्षकांच्या आवडीशी जुळत असल्यामुळे तो पक्षपात म्हणून फारसा कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. १९८८ साली अल अन्सर ज्युनिअर जिंकला, तो नॅस्कारबाहेरचा शेवटचा विजेता. १९८९ पासून २००६ पर्यंतचे अठराही हंगाम नॅस्कारच्या चालकांनी जिंकले, त्यांत मार्क मार्टिनने पाच आणि डेल अर्नहार्टने चार.

मुख्य प्रायोजक न मिळाल्याने तिसाव्या हंगामानंतर आयरॉक बंद पडली. २०२१ मध्ये टोनी स्ट्युअर्ट आणि रे एव्हर्नहॅम यांनी त्याच कल्पनेवर ‘एसआरएक्स’ ही मालिका सुरू केली, आणि तीही तीन हंगामांनंतर थांबली. रिव्हरसाइडचा मार्ग १९८९ साली बंद झाला असून त्या जागेवर आज एक मोठे व्यापारी संकुल उभे आहे.